कुणाची गं तू?

रमजान ईदला चार दिवस राहिले होते. माजलगावच्या बाजारात खरेदीला गेले होते. बांगड्यांच्या गाड्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात कुणीतरी माझा बुरखा मुठीत धरला. खाली पाहिले तर पाचेक वर्षांची मुलगी. तिने वर पाहिले, मूठ सोडली. "ये मेरी अम्मी नै," असे म्हणाली आणि रडू लागली. आसपास दहा-बारा काळे बुरखे. त्या उंचीवरून सगळे सारखेच दिसणार.

मी विचारले, "बेटा, नाम क्या है?"
"गुड्डी."
"अब्बू का नाम?"
"अब्बू."
"घर किधर है?"
"उधर."

बांगडीवाल्या मावशींनी मायेने विचारले, "कुणाची गं तू?" तेव्हा तर ती गप्पच झाली. घरात मराठी नाही, त्यामुळे प्रश्नच कळला नाही.

अर्ध्या तासाने तिची आई धापा टाकत आली. लेक दिसताच आधी एक थप्पड दिली, मग तिला छातीशी धरून स्वतःच रडली. त्या माउलीचे काय झाले असेल, ते कोणत्याही आईला कळेल. पण गुड्डी त्या दिवशी काय शिकली? हरवले की मार बसतो, एवढेच.

ईदनंतर शाळा भरली तेव्हा मी पहिली-दुसरीच्या मुलांना घरचा फोन नंबर विचारला. अब्बूंच्या मोबाईलचे लॉक बहुतेकांना उघडता येत होते. नंबर सांगणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी निघाली. आईचे नाव विचारले तर अनेकांनी 'अम्मी' हेच सांगितले. यात मुलांचा दोष नाही. आपणच कधी शिकवले नाही.

तेव्हापासून हजेरी झाली की आमच्या वर्गात रोज एक जण 'हरवतो'. दुसरा दुकानदार होतो, तिसरा एसटीचा कंडक्टर. हरवलेल्याने आपले पूर्ण नाव, आई-वडिलांचे नाव, गाव आणि नंबर सांगायचा. आधी उर्दूत, मग मराठीत. 'मी हरवलो आहे, माझ्या घरी फोन लावा' हे वाक्य प्रत्येकाला मराठीत आलेच पाहिजे. बाजारात, बसस्थानकात, पोलीस चौकीत प्रश्न मराठीतच येणार. नंबर एकेक आकडा करून, पाढ्यासारखा चालीत म्हटला की आठवड्यात पाठ होतो. धारूर-वडवणी भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. मागे आजी-नानीजवळ राहिलेल्या लेकराला दूर फडात असलेल्या बापाचा नंबर लगेच उपयोगी पडत नाही. त्याला गावातल्या जवळच्या माणसाचाही नंबर शिकवा.

फारच लहान मूल असेल तर नंबराची चिठ्ठी आतल्या खिशात ठेवा. हजला जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटातही ओळखीचे कडे असतेच. गर्दीत मोठेही हरवतात, मग लेकराला लाज कसली?

दुसरा धडा थांबण्याचा. हात सुटला की मूल धावत सुटते आणि आणखी लांब जाते. 'जिथे आहेस तिथेच थांब, मी शोधत येईन,' हे घरातून निघतानाच सांगा. बराच वेळ झाला तर मदत मागावी ती मुले बरोबर असलेल्या बाईकडे, गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराकडे, कंडक्टरकडे किंवा पोलिसाकडे. पण जेवत नाही म्हणून आपण पोलिसाचीच भीती घातलेली असते. मग ते मूल खाकी वर्दी पाहून लपणार नाही तर काय?

'झोळीवाला पकडून नेईल' हेही आपलेच वाक्य. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून जगणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. अफवा मोबाईलवरून पसरली खरी, पण झोळीवाल्याची भीती आपण लहानपणीच मनात पेरून ठेवलेली असते.

शिवाय या भीतीने मूल सुरक्षितही होत नाही. 'पॉक्सो'खालच्या गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी दरवर्षी हेच सांगते की, बहुसंख्य प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. म्हणून माणसाच्या वेशापेक्षा त्याची वागणूक ओळखायला शिकवा. 'अम्मीला सांगू नकोस' असे जो म्हणेल, त्याचे नाव आधी अम्मीला सांगायचे, मग तो कितीही जवळचा असो. पाहुण्यांना सलाम करणे ही अदब झाली. नको वाटत असताना मांडीवर बसणे ही अदब नव्हे.

आमच्या तेलगावच्या मुलांना आणखी एक धडा लागतो. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते इथेच मिळतात आणि साखर कारखाना जवळ. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर गेला की मूल रस्त्यात उतरते, ट्रॉली मागून येतच असते. 'शेवटचे चाक गेल्यावरच पाऊल' हे आम्ही वर्गात एका सुरात म्हणतो. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा नाही, हेही रोज बजावावे लागते.

आणि मूल सापडत नसेल तर 'चोवीस तास वाट पाहा' या सल्ल्याकडे लक्ष देऊ नका. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवून तपास सुरू करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ पासूनचा आदेश आहे. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे नंबर घरात दिसतील असे लिहून ठेवा.

मात्र मूल सापडले की पहिला शब्द शाबासकीचा असू द्या. 'थांबलीस, नाव सांगितलेस, छान केलेस.' हात कसा सुटला, ते घरी गेल्यावर शांतपणे विचारता येईल.

परवा वर्गात एका चिमुकलीची हरवण्याची पाळी होती. बांगडीवाली मावशी मीच झाले. "कुणाची गं तू?" तिने नाव सांगितले, गाव सांगितले, दहाही आकडे म्हटले. मग हळूच विचारले, "टीचर, अम्मी मारेगी नै ना?"

मी नाही म्हटले आहे. आता तो शब्द आपण सगळ्यांनी पाळायचा आहे.