अजून आहे का?
या आठवड्यात आमच्या नाट्यसंगीतप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटावर पुन्हा गायकनट बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले असा सामना जुंपला, आणि एका नव्या मुलीने हौसेनं टाकलेलं जुनं ध्वनिमुद्रण त्या धुळवडीत कुणी ऐकलंच नाही. मला फार वाईट वाटलं. अहो, ज्यांच्यावरून आपण हमरीतुमरीवर येतो, ते दोघं ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ या नाट्यप्रयोगात भामिनी आणि धैर्यधर होऊन एकत्र उभे राहिले होते! तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. आपल्या गायकावर जीव ओवाळून टाकावा, पण दुसऱ्याच्या आवडीला नाक मुरडणारा रसिकच नव्हे. ते ध्वनिमुद्रण मी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा आईला ऐकवलं, आणि गटावर त्या मुलीला एवढंच विचारलं: अजून आहे का?