पोटदुखीच्या पुडीआधी एक प्रश्न

मे महिन्याची सुटी लागली की मीरा रोडच्या शांतीनगरापासून भाईंदर पश्चिमेच्या दीडशे फुटी रस्त्यापर्यंत सोसायट्यांच्या आवारांत मुलांच्या सायकली फिरू लागतात. मुले पडतात, गुडघे फुटतात, जखमेवर हळद लागते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. या पडण्यातील एक प्रकार मात्र निराळा आहे. तो आपल्या चिकित्सालयात आणि औषधाच्या दुकानात ‘पोटदुखी’ या साध्या नावाने येतो. त्याविषयी व्यवसायबंधूंशी स्पष्टपणे बोलावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी आठ वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. सकाळपासून पोट दुखते, एकदा उलटी झाली, आदल्या दिवशी लग्नाचे जेवण झाले होते. अजीर्णाचे निदान करून मी हिंग्वाष्टक चूर्ण दिले आणि बेंबीभोवती हिंगाचा लेप सांगितला. तिसऱ्या दिवशी मूल वाकून चालत आले. सदरा वर केला तेव्हा बरगड्यांखाली नाण्याएवढा निळसर गोल वळ दिसला. सायकलच्या हँडलचा मार लागला होता. रागावतील म्हणून त्याने घरी सांगितले नव्हते. स्वादुपिंडाला इजा झाली होती. मूल वाचले, पण ते माझ्यामुळे नव्हे. चूक चूर्णाची नव्हती. मी प्रश्न विचारला नव्हता.

स्वादुपिंड, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील अग्न्याशय, जठराच्या मागे पाठीच्या कण्यावर आडवे पसरलेले असते. मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ असतात, बरगड्या लवचिक असतात. हँडलचे टोक बेंबीच्या वर रुतले की ही नाजूक ग्रंथी टोक आणि कणा यांच्यामध्ये चिरडली जाते. स्कूटरवर पुढे उभे केलेले मूल अचानक ब्रेक लागताच हँडलवर आदळते, तेव्हाही हेच घडू शकते. ग्रंथी पोटाच्या मागील भागात असल्यामुळे तिचा पाचक स्राव आरंभी तेथेच झिरपतो. म्हणून पहिल्या काही तासांत पोट मऊ राहते, वेदना कमी झाल्यासारखी वाटते आणि घरचे निश्चिंत होतात. पुढे वेदना पाठीकडे जाते, उलट्या सुरू होतात, ताप येतो.

याच फसव्या मधल्या काळात मूल आपल्याकडे येते. म्हणून कोणत्याही मुलाला पोटदुखीची पुडी बांधण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : पोटाला मार लागला होता का? तो पालकांना विचारावाच, शिवाय मुलाला जवळ घेऊन, न रागावता विचारावा. काश्यपसंहितेचा वेदनाध्याय न बोलणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून ओळखण्यास शिकवतो. भीतीपोटी गप्प बसलेले मूलही न बोलणारेच होय. कपडे काढून पोट पाहावे. वळ दिसला नाही म्हणून शंका सोडू नये. अगदी लहान मुलाच्या बाबतीत पडण्याची हकिकत आणि इजा यांचा मेळ बसत नसेल, तर कोणी मारले असण्याचा विचार मनात आणावा. १०९८ हा बालमदत क्रमांक त्यासाठीच आहे.

मार लागल्याचे कळले आणि पोटाच्या वरच्या भागात दाबल्यावर दुखत असेल किंवा उलटी होत असेल, तर मुलाला तोंडावाटे काहीही देऊ नये. काढा नको, चूर्ण नको, दूध नको. बेंबी सरकली म्हणून पोट चोळणे, शेकणे, एरंडेल किंवा बस्ती देणे हे सारे निषिद्ध मानावे. औषध विक्रेत्यांनीही पोटदुखीचे सिरप देऊन मुलाला घरी पाठवू नये. इजेची वेळ, नाडीची गती आणि दिलेले औषध चिठ्ठीवर लिहून मुलाला रुग्णालयात पाठवावे. गरज पडल्यास १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

तेथे काय होते, हेही आपण जाणून असावे, कारण पालक पुन्हा आपल्यालाच विचारतात. रक्तातील अमायलेज पहिल्या काही तासांत प्राकृत येऊ शकते, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. सोनोग्राफीत इजा निसटू शकते. शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन अधिक भरवशाचा, पण फार लवकर केल्यास तोही फसवतो. स्वादुपिंडाची मुख्य नलिका शाबूत आहे की फाटली, यावर पुढचे सारे अवलंबून असते. नलिका शाबूत असेल तर बहुतेक मुले शस्त्रक्रियेविना बरी होतात. ती फाटली असेल तर लवकर शस्त्रक्रिया करावी, दुर्बिणीतून नळी घालावी की वाट पाहावी, याविषयी बालशल्यचिकित्सकांतही मतभेद आहेत. असा निर्णय जेथे सर्व सोयी एकत्र आहेत तेथेच व्हावा. पहिली तपासणी आपल्या शहरात होऊ शकते. पुढे मात्र दहिसर नाका ओलांडून परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी जावे लागू शकते. त्या प्रवासाआधीचे तास आपण पुड्यांत घालवू नयेत.

मूल घरी परतल्यावरही आपले उत्तरदायित्व संपत नाही. अशक्तपणा भरून काढण्यासाठी घृत, च्यवनप्राश, लोणी यांची मागणी होते. स्निग्ध आहार शल्यचिकित्सकांच्या संमतीविना सुरू करू नये. पेयादी संसर्जनक्रमातील संयम येथे मार्गदर्शक ठरावा. काही आठवड्यांनी मुलाला पुन्हा उलट्या होऊ लागल्या आणि पोटाच्या वरच्या भागात गोळा हाताला लागला, तर त्याला गुल्म समजून औषध देऊ नये. इजा झालेल्या ग्रंथीभोवती स्राव साठून झालेली ती पुटी असू शकते.

मुलाला पाठवले तर रुग्ण तुटतो आणि शास्त्राला कमीपणा येतो, असे काही मित्र म्हणतात. मला हे मान्य नाही. गुल्मचिकित्सेत स्वतः चरकाचार्यांनी पक्व गुल्माच्या ठिकाणी धान्वंतर संप्रदायाचा अधिकार मान्य केला आहे. कायचिकित्सेचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ आपली सीमा इतक्या मोकळेपणाने सांगतो, तर आपण ती लपवण्याचे कारण काय? फाटलेली नलिका सांधणारा काढा आपल्याकडे नाही, हे कबूल केल्याने आयुर्वेदाचे काही जात नाही. न कबूल केल्याने एखाद्या घरातले मूल जाऊ शकते. प्रत्येक पोटदुखीला सीटी स्कॅनकडे पाठवा, असेही माझे म्हणणे नाही. मार लागल्याचा इतिहास आणि त्यासोबतची लक्षणे, एवढाच निकष पुरे.

आपल्या संघटनेने एक छोटी संदर्भचिठ्ठी छापून प्रत्येक चिकित्सालयात आणि प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर ठेवावी, अशी माझी सूचना आहे. तिच्या पहिल्या ओळीत तोच प्रश्न असावा. येत्या सुटीपूर्वी हे झाले, तर ज्या मुलाची नाडी मी उशिरा ओळखली त्याचे ऋण थोडेफार फिटेल.