हृषीकेश की ऋषिकेश?

गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री जन्माचा पाळणा हलला, सुंठवडा वाटून झाला, की कीर्तनकाराला भेटावयास येणाऱ्या मंडळींत एखादे तरुण जोडपे असतेच. घरी बारसे ठरलेले असते आणि त्यांस 'जरा वेगळे, पण देवाचे' नाव हवे असते. आमच्या लहानपणी केशव, माधव, गोविंद, दामोदर गावोगाव भेटत. संध्येतील त्याच २४ नामांतला दहावा मात्र क्वचित आढळे. गेल्या तीन-चार दशकांत तो पुष्कळ घरांतून दिसू लागला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ही मंडळी कागदावर लिहून आणतात ते नाव असते 'ऋषिकेश'. भगवंताचे नाव 'हृषीकेश' आहे.

हृषीक म्हणजे इंद्रिय. हृषीक अधिक ईश, गुणसंधीने हृषीकेश; अर्थात इंद्रियांचा स्वामी. विष्णुसहस्रनामातील हे ४७ वे नाम. श्रीशंकराचार्यांच्या भाष्यात आणखी एक अर्थ येतो : सूर्यचंद्रांचे किरण हेच ज्याचे जगाला हर्षविणारे केश, तो हृषीकेश. गीतेच्या पहिल्याच अध्यायात सारथी हृषीकेश आहे आणि रथी गुडाकेश. एक इंद्रियांचा स्वामी, दुसरा निद्रेला जिंकणारा. जोडी कशी शोभते पाहा! आता 'ऋषिकेश' फोडून पाहावे. ऋषि अधिक केश, म्हणजे ऋषीचे केस. जावळ काढण्याच्या दिवशी फार तर शोभेल.

ही गफलत होते याला कारणे आहेत. हिमालयाच्या पायथ्याचे प्रसिद्ध क्षेत्र हिंदीत 'ऋषिकेश' असेच लिहितात आणि यात्रेकरू तेच रूप घेऊन परततात. वस्तुतः तेथील भरत मंदिरात हृषीकेश नारायणाचीच पूजा होते व क्षेत्राचे नावही त्यावरूनच सांगितले जाते. दुसरे कारण आपली जीभ. ऋ हा मूळचा स्वर. मराठी माणूस त्याचा 'रु' करतो, हिंदी भाषक 'रि'. त्याच्या आधीचा ह् आपण 'हृदया'तही धड उच्चारीत नाही. पुढे मूर्धन्य ष तालव्य होतो, दीर्घ षी आखडतो, आणि घरात उरतो तो 'रुशी'.

मग बिघडले काय, असे विचारणारे अजामिळाचा दाखला आमच्याच कीर्तनातून आमच्यावर उलटवितात. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ अंतकाळी मुलाला हाक मारतो आणि तेवढ्याने विष्णुदूत धावून येतात. खरे आहे. पण त्या मुलाचे नाव 'नारायण' असेच ठेवलेले होते, हे विसरू नये. लेकराला दिवसातून पन्नास वेळा बोलावताना आपसूक नामोच्चार घडावा, याचसाठी देवाची नावे ठेवण्याची आपली रीत. आजीच्या बोळक्या तोंडून 'रुशिकेस' निघाले तरी ते देवाला पोचते, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. शिकल्यासवरल्या आईबापांनी मात्र भावाची ढाल पुढे करू नये. जीभ अडखळते, लिहिणाऱ्याला कोणास विचारण्याइतकी सवड असते.

आणि लिहिलेले आता पूर्वीपेक्षा चिकट झाले आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा १ ऑक्टोबर २०२३ रोजी लागू झाला. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच प्रमाण धरला जातो. नावाविना नोंद झाली असेल तर नाव मागाहून भरता येते; तेव्हा घाई नको. रोमन लिपीत आरंभीचा 'एच' गाळू नये.

ज्यांची नावे 'ऋषिकेश' म्हणून लागून गेली, त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावेत, असे आम्ही म्हणत नाही. घरी उच्चार तेवढा सुधारावा. आधी ह् चा श्वास, त्याला लागूनच टाळूकडे वळलेली जीभ. मुलाकडून रोज दहा वेळा 'हृदय' म्हणवून घ्यावे, मग पूर्ण नाव. केशवादी मासनामांत श्रावण श्रीधराचा, भाद्रपद हृषीकेशाचा. अष्टमीनंतर आठवडाभरात तो लागतो. सराव तेव्हापासून धरावा.