ग्रंथपालांच्या विद्याशाळेचे दप्तर

ग्रंथपालनाचे शिक्षण म्हणजे पुस्तकांवर क्रमांक चिकटविण्याची कारकुनी, आणि अशा विद्याशाळेचे जुने दप्तर म्हणजे निव्वळ रद्दी, असे म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ हैदराबादेत आम्हांला वारंवार भेटतात. हे मत आम्हांला मुळीच मान्य नाही.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले. ग्रंथालयशास्त्राचे अध्यापन तेथे १९५९ मध्ये सुरू झाले. या सालाकडे वाचकांनी नीट पाहावे. १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. १९५६ च्या नोव्हेंबरात ते राज्यच तीन राज्यांत विभागले गेले आणि मराठवाडा वेगळा झाला. १९६० साली आंध्र प्रदेशाचा ग्रंथालय कायदा आला. कायद्याने ग्रंथालये मंजूर होतात. ती चालविणारी माणसे घडवावी लागतात. मग मराठवाडा गेल्यावर या वर्गांत कोण येऊन बसले? मराठी, तेलुगू, कानडी व उर्दू ग्रंथांपैकी कोणत्या ग्रंथांवर वर्गीकरणाचा सराव झाला? या प्रश्नांचे उत्तर महोत्सवी भाषणांत मिळत नसते. ते प्रवेशपटांत, प्रश्नपत्रिकांत आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या तालिकापत्रांत शोधावे लागते.

सयाजीराव महाराजांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून १९११ मध्ये ग्रंथपालनाचे वर्ग काढले, याचा आपण अभिमान मिरवितो. पण त्या वर्गांतील चार विद्यार्थ्यांची नावे आपल्यापैकी कितींना सांगता येतील? संस्थापकाचे स्मरण पुतळाही ठेवतो. शिकणाऱ्यांचे स्मरण केवळ दप्तर ठेवते.

कोणी म्हणेल, आता सर्व काही संगणकावर आहे. परंतु जे आधी कोणी तरी जपून ठेवले, तेच संगणकावर चढते. जे रद्दीत गेले, ते कोठून चढणार?

विद्यापीठास बोल लावण्यापूर्वी आपण आपल्या देवळाची कोठी मात्र उघडली पाहिजे. गोमंतकातील देवस्थानांत महाजनांच्या यादीवरून वाद उभा राहतो, तेव्हा जुन्या वहीचे एक पान लाखमोलाचे ठरते. एरवी त्याच वहीला वाळवी लागते. कीर्द-खतावणी, अभिषेकाच्या पावत्या, कीर्तनकारांना दिलेल्या बिदागीच्या नोंदी यांत आपल्या समाजाचा इतिहास आहे. हैदराबादेतील मराठी मंडळींनी १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. त्या पिढीच्या वारसांना ही अनास्था शोभत नाही.

आमची मागणी साधी आहे. ग्रंथ कसे राखावेत हे शिकविणाऱ्या प्रत्येक विद्याशाळेने प्रथम स्वतःच्या दप्तराची यादी करावी व ती अभ्यासकांस खुली ठेवावी. तसेच प्रत्येक देवस्थानाने ग्रंथालयशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्यास सुट्टीत मानाने बोलवावे, त्याच्या भोजनाची व मानधनाची सोय करावी आणि कोठीतील वह्यांची नोंद करून घ्यावी. उत्सवाच्या रोषणाईवर होणाऱ्या खर्चाचा अल्पसा अंशही त्यास पुरेल. येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणी तरी मांडावा, एवढेच आमचे सांगणे आहे.