छंदाची वसुली

गेल्या दशलक्षणात मंदिरातून बाहेर पडताना आमच्या मंडळातल्या एका वहिनींनी मला पायरीवरच अडवलं. "तुमचा थोरला घरात समुद्र पाळतोय म्हणे! आणि त्यावर घरबसल्या पैसेही मिळवतोय. आमच्या पोरालाही जरा शिकवायला सांगा की." आजूबाजूला चार बायका होत्या. मी हसले, "हो, सांगते की" म्हणाले आणि चपला घालून घरी आले. खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

छंदाचा खर्च छंदातूनच वसूल करायचा, ही जी नवी अक्कल सगळ्यांना सुचली आहे, ती मला मान्य नाही. भरतकाम करता? मग विका. कुंड्या लावता? मग रोपं विका. त्या गोष्टींत फार तर दोरा वाया जातो. पण छंद जेव्हा जिवंत प्राण्यांचा असतो, तेव्हा वसुली कुणाकडून होते हे एकदा नीट बघायला हवं.

आमच्या बेळगावच्या घरात हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आहे. तीनशे लिटर खारं पाणी. समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या पुढे, त्यामुळे हा समुद्र बादलीतल्या पुडीच्या मिठातून बनतो. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी आहे, दोन-तीन आणखी मासे आहेत, आणि खडकावर बटणांसारखे उमलणारे झोअँथिड. निळा दिवा लागला की ते हिरवे-केशरी चमकतात. सुंदर दिसतं, नाही कशाला म्हणू? रात्री जेवणं झाल्यावर मीही तिथे खुर्ची ओढून बसते.

पण सौंदर्याला मीटर आहे. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला चिलर, वर दिवे, खाली पंप, घाण फेसातून काढणारा स्किमर. घरखर्चाची वही मी लिहिते; मामंजींनी लावलेली सवय. त्या वहीतलं गेल्या वर्षाचं पान असं: वीज महिन्याला साधारण १,४००, मीठ १,८००, खाणं, तपासणीची किट आणि बारीकसारीक १,१००. म्हणजे महिन्याला ४,३००, वर्षाला ५१,६००. सुरुवातीचे १,६२,००० वेगळे. ते तर मी चौथ्या पानावर लिहून पान दुमडूनच ठेवलं आहे.

हे आकडे आमच्या ह्यांनी पाहिले तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, हे पैसे टाकीच परत देईल. बघा की तुम्ही." तिथून हे सुरू झालं.

पहिली युक्ती अमेरिकेतली. तिकडे लोक घरी वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे करतात, चिनी मातीच्या छोट्या बुंध्यावर डिंकाने चिकटवतात, तुकडा वाढला की विकतात. त्या तुकड्याला फ्रॅग म्हणतात. तिकडे हा राजरोस उद्योग आहे. इकडे? कठीण सांगाड्याचे प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रघोडाही तिथेच. तीन ते सात वर्षं कैद. तरी कुणीतरी कुणालातरी "आहे माझ्याकडे एक तुकडा, स्वस्तात देतो" म्हणतच असतं. आपल्या मुलांनी घरात काय आणून ठेवलंय, हे बायांनो, विचारत जा. आपल्याला ते रंगीत दगड वाटतात.

आमच्याकडे तसलं नव्हतं, एवढं खरं. पण माझ्याशी वाद घालताना मुलाने शास्त्र काढलं. "आई, मूलाचारात प्रवाळ पृथ्वीकायात मोजलाय. म्हणजे दगड-माती. मग कापला तर काय बिघडतंय?" हा मुलगा एरवी पाठशाळेत कधी टिकला नाही! मी म्हटलं, "अरे, पृथ्वीकाय म्हणजेही जीवच. म्हणून तर आपण जमीनसुद्धा विनाकारण खणत नाही. आणि जुन्या लोकांनी अंगठीतलं पोवळं पाहिलं होतं, तू तर त्याला तोंड उघडून खाताना रोज बघतोस."

मग झोअँथिड. ते यादीत नाहीत, असं त्याचं म्हणणं. एका रविवारी मी माहेरी गेले होते. परत आले तर स्वयंपाकाच्या ओट्यावर माझ्या भाजीच्या सुरीने त्यांचे तुकडे चालले होते. या बटणांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असतं, अतिशय जहाल. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात असेच झोअँथिड हाताळताना दुकानांतली आणि घरांतली माणसं आजारी पडल्याची नोंद आहे. हे मला नंतर त्यानेच सांगितलं, जरा अभिमानाने. हातमोजे, चष्मा लागतो म्हणे. त्याच्या हातात मोजे होते. ओट्याला कुठले मोजे? सुरी मी फेकली. ओटा तीनदा धुतला, आणि त्या रात्री आम्ही बाहेरून आणून जेवलो.

फ्रीझरचं तर विचारूच नका. ज्या घरात कांदा-लसूण चातुर्मासात दाराबाहेर असतो, त्या घरात बर्फाच्या ट्रेशेजारी गोठवलेल्या बारक्या कोळंबीच्या वड्या. डब्यावर त्याने लिहिलं होतं, "आई, उघडू नकोस." मला आधी वाटलं, वाढदिवसाचं काहीतरी असेल.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते पुढेच आहे. क्लाउनफिशच्या जोडीने मडक्याच्या फुटक्या तुकड्यावर अंडी घातली. केशरी, शंभरांनी, ओळीत चिकटलेली. मी सांगते, तो नर आठ दिवस तिथून हलला नाही. परांनी वारा घालतोय, मेलेलं अंडं तोंडाने उचलून बाजूला करतोय. पुढे अंड्यांना डोळे दिसायला लागले, चंदेरी. आठव्या रात्री दिवे घालवल्यावर पिल्लं बाहेर पडली. मुलाने बॅटरीच्या उजेडाकडे ओढून वाटीने ती वेगळ्या टाकीत घेतली. मीच बॅटरी धरली होती. एक पिल्लू म्हणजे नखाएवढंसुद्धा नाही, डोळे आणि एक धागा.

आता या पिल्लांना खायला काय? रोटिफर. डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखे दिसणारे जिवंत जीव. ते बादलीत वाढवायचे, त्यांना हिरवं शेवाळाचं पाणी पाजायचं, आणि रोज बारीक जाळीतून गाळून पिल्लांपुढे टाकायचे. गाळण्याचं काम, दुपारी मुलाच्या मीटिंग असल्याने, अर्थात माझ्याकडे.

आमच्या सासूबाई पाणी दुहेरी कपड्यातून गाळत. गाळून झाल्यावर कपडा उलटा करून, त्यावर गाळलेलंच पाणी ओतून, अडकलेले जीव ज्या विहिरीचे त्या विहिरीत कळशीने अलगद सोडत. जिवाणी म्हणायचो आम्ही त्याला. मी नवी नवरी असताना मला याचा कंटाळा यायचा, हेही सांगते. पस्तीस वर्षांनी त्याच हातांनी तीच कृती. जाळी, पाणी, सूक्ष्म जीव. फक्त जाळीतून ते कुठे जातात एवढाच फरक.

पहिल्या वेळची पिल्लं चौथ्या दिवशी संपली. सगळी. सकाळी टाकीच्या तळाशी पांढरा गाळ होता. तो मी णमोकार म्हणत काढला. वर्षभरात सहा वेळा अंडी फुटली, दर वेळी दोनशे-तीनशे पिल्लं, आणि शेवटी मोठी झाली ती एकतीस. मुलगा म्हणतो, "आई, समुद्रात तरी किती जगतात?" खरं आहे. पण समुद्र पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नाही.

एकतिसातली तेवीस विकली गेली, तीनशेला एक. काही इथल्या दुकानात, काही थर्माकोलच्या खोक्यातून रात्रीच्या बसने. ६,९०० रुपये. झोअँथिडचे एकोणीस तुकडे, त्यांचे ६,६५०. एकूण १३,५५०. हाच तो आकडा जो मंडळापर्यंत पोचला! त्यातून खोकी, बसचं पार्सल, मेलेल्या माशांचे परत केलेले पैसे २,१००, आणि पिल्लांच्या पायी शेवाळ-रोटिफरवर ४,६०० गेले. हातात ६,८५०. आणि खर्च ५१,६००. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला, ही म्हण आमच्यात शोभत नाही, पण दुसरी आठवत नाही.

शिवाय माझे हात त्या हिशेबात कुठेच नाहीत. रोज उडून जाणारं तीन-चार लिटर पाणी भरणं, लाईट गेली की पंपाची बॅटरी लावायला धावणं, हॉलमधल्या फरशीवरचे मिठाचे डाग पुसणं. बाहेरचा माणूस ठेवला असता तर? हे विचारलं तर मुलगा म्हणाला, "अगं, तू घरातच तर असतीस!"

श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांची एक यादी आपल्या आचारग्रंथांत आहे. आशाधरांच्या सागारधर्मामृतातही ती येते. त्यात असतीपोष नावाचा एक धंदा आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा खुलासा केला आहे: मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांना पैशासाठी पोसणं. मासा त्या यादीत नाही, असं कुणी म्हणेल. मला त्यातला "पैशासाठी" हा शब्द महत्त्वाचा वाटतो. प्राणी पाळणं वेगळं. पाळलेल्याने आपला भाडेखर्च काढून द्यावा अशी अट घालणं वेगळं. अट आली की अंडी म्हणजे माल होतो, गाळ म्हणजे तूट. आणि हो, त्या यादीच्या शेवटी दासीसुद्धा आहे. पैशासाठी पोसलेली. ते वाचून मला जरा हसू आलं.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं आणि ते खोटं नाही. घरात वाढलेला एक क्लाउनफिश म्हणजे समुद्रातून न उचललेला एक मासा. शोभेचे बहुतेक सागरी मासे अजूनही समुद्रातूनच पकडले जातात. फिलिपिन्स, इंडोनेशियात तर प्रवाळाच्या फटीत सायनाइड मारून मासे गुंगवून पकडण्याचा प्रकार वर्षानुवर्षं चालला, त्यात प्रवाळही मरतो. तेव्हा पैदास करणारे हवेत, मान्य. आपल्याकडे मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बसवली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने बेटावरच्या बायकांना शोभेची कोळंबी आणि मासे वाढवायला शिकवलं. त्यांच्या दारात समुद्र आहे, हाताशी शिकवणारे आहेत, आणि ते त्यांचं पोट आहे. त्यांच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. (अहिंसेचा प्रश्न तिथेही उरतो, पण मासेमारीवर जगणाऱ्या बेटावर मी बेळगावहून तो कोणत्या तोंडाने विचारू?) माझा राग आहे तो पोटाचा प्रश्न नसताना, केवळ बापापुढे खर्चाची लाज झाकायला केलेल्या धंद्यावर. पन्नास हजारांचा छंद परवडत असेल तर पन्नास हजारांचा छंद आहे असं सरळ म्हणावं. परवडत नसेल तर टाकी लहान करावी. माशांनी तो खड्डा का भरावा?

क्षमावाणीच्या दिवशी मी वही मुलापुढे ठेवली. त्याने आकडे दोनदा वाचले. "म्हणजे टाकी काढू?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. या माशांना आता कुठे सोडणार? इथल्या तलावात मरतील, समुद्रात सोडू नयेत असं तोच सांगतो. आहेत तितके त्यांच्या आयुष्यापर्यंत सांभाळायचे, नवे आणायचे नाहीत, विकायचं काही नाही. कोळंबीच्या वड्यांच्या जागी आता कोरड्या गोळ्या आहेत. त्यांतही मासळीचंच पीठ असतं, मी डबा वाचला आहे. फ्रीझर तेवढा मोकळा झाला.

रोटिफरची बादली मात्र चार दिवस न्हाणीघरात तशीच राहिली. ओतायची कुठे? विहिरीचे जीव विहिरीत सोडता येतात. हे कुठल्या पाण्याचे? शेवटी मुलाने ती थोडी थोडी करून मोठ्या टाकीत संपवली. मी त्या वेळी बाजारात गेले होते, मुद्दाम.

जोडीने या महिन्यात पुन्हा अंडी घातली आहेत. नर पुन्हा वारा घालतोय. आठव्या रात्री बॅटरी धरायची नाही असं ठरलं आहे, म्हणजे बाकीचे मासे पिल्लं खातील, आणि मला त्या रात्री हॉलमध्ये बसवणार नाही.

मंडळातल्या त्या वहिनींना मी वहीच्या दोन पानांची झेरॉक्स दिली. त्यांच्या मुलाने अजून काही कळवलेलं नाही.