बॉस, तो मासा रंकाळ्यात नको!

सीन ओळखीचा आहे. पुण्याची किंवा बंगळूरची ऑफर आलीय, नोटीस पिरियड संपत आलाय, रूम सोडायचीय. गादी विकली गेली, कुंड्या शेजारच्या काकूंनी नेल्या, बाइक ट्रान्सपोर्टवाल्याकडे बुक झाली. उरला फिशटँक. त्यात दोन गोल्डफिश आणि काच चाटत बसणारा तो काळपट, खडबडीत गडी. दुकानदारानं ‘सकर’ म्हणून गळ्यात मारलेला. ‘टँक साफ ठेवतंय, घ्या’ असं म्हणून. आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता वीतभर झालाय आणि वळताना शेपटी काचेवर आपटतो.

मग कुणीतरी दोस्त सल्ला देतो, ‘भावा, टेन्शन काय घेतोस? रंकाळ्यात सोड की! एवढं मोठं तळं हाय, जगंल बिचारा.’

प्रॉब्लेम नेमका हाच आहे. तो जगेल.

आपल्याला वाटतं तळं म्हणजे मोठा फिशटँक. प्रत्यक्षात तळं म्हणजे जुना वाडा. कुणी कुठं राहायचं, कुणी काय खायचं, कुणाची पोरं कुठल्या कोपऱ्यात वाढवायची, हे तिथं पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. त्या वाड्यात आपण एक असा भाडेकरू घुसवतो, ज्याला घराचे नियमही माहीत नाहीत आणि बाहेर काढायची सोयही नाही.

सकरचंच घ्या. मूळ गाव दक्षिण अमेरिका, अॅमेझॉन आणि आसपासच्या नद्या. अंगावर खवल्यांऐवजी हाडांचं चिलखत, परांना काटे. शेवाळ खातो, तळाचा गाळ खातो, वाटेत आलेली दुसऱ्या माशांची अंडीही फस्त करतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, त्यामुळं काठ ढासळतो तो वेगळाच. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो. पाण्याबाहेर काढला तरी काही तास आरामात तग धरतो. दीड फुटापर्यंत वाढतो आणि खायला त्याला कुणी घेत नाही. काचेतला शांत, कष्टाळू सफाई कामगार नदीत गेला की असा निघतो!

ही अॅमेझॉनची स्टोरी वाटत असेल तर भिगवण आठवा. पुणे-सोलापूर हायवेवरचं. फ्लेमिंगो बघायला पहाटे निघायचं, फोटो काढायचे आणि दुपारी फिश थाळी हाणायची, हा वीकेंड प्लॅन तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. तिथलं पाणी म्हणजे उजनी धरण. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. गेल्या काही वर्षांत तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात हाच सकर येऊ लागलाय. काट्यांनी तो जाळ्यात असा अडकतो की त्याला सोडवायचं तर जाळंच कापावं लागतं. एक जाळं फाटलं म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली, वर दुरुस्तीचा खर्च. उजनीत कुणी अॅमेझॉनहून मुद्दाम मासे आणून टाकले नव्हते. ते हौशी लोकांच्या टँकमधून आले असणार, दुसरा रस्ता फारसा दिसत नाही.

आणि भिगवणच्या थाळीतला तो मासा? बहुतेक वेळा चिलापी, म्हणजे तिलापिया. हाही पाहुणाच. मूळचा आफ्रिकेचा. भारतात तो १९५२ मध्ये श्रीलंकेमार्गे मुद्दाम आणला गेला. स्वस्त प्रोटीन मिळेल, हा त्यामागचा शुद्ध हेतू. काही वर्षांतच तज्ज्ञांनी ‘आता आवरा’ म्हटलं, पण तोवर गडी पसरला होता. त्याचा फंडा सिंपल. दोन-तीन महिन्यांत वयात यायचं, वर्षातून अनेकदा वीण करायची आणि मादीनं अंडी तोंडात धरून सांभाळायची. आपले नदीतले बरेचसे मासे वर्षातून एकदा, पहिल्या पुराच्या पाण्यावर चढून अंडी घालतात आणि वाऱ्यावर सोडून देतात. मॅच सुरू होण्याआधीच स्कोअर काय लागणार ते कळतं.

पण सरळ व्हिलन ठरवावं तर तेही जमत नाही. उजनीकाठच्या कितीतरी घरांची चूल आज चिलापीवरच पेटते. जमीन धरणात गेली, नदीतले जुने मासे कमी झाले, त्यांच्या जागी हा आला आणि त्यानं पोट भरलं. एसीत बसून ‘चिलापी हटाव’ म्हणणं मला तरी जमणार नाही.

मांगूरच्या बाबतीत मात्र माझ्या मनात दुमत नाही. थाई मागूर म्हणून विकला जातो, प्रत्यक्षात आफ्रिकन. मिशावाला, चपट्या डोक्याचा, मीटरभराच्याही पुढं जाणारा शिकारी. मासे, बेडूक, किडे, सडकं मांस, समोर येईल ते खातो. हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. कत्तलखान्यातला टाकाऊ माल घालून त्याला वाढवता येतं, म्हणून धंदा स्वस्तात पडतो. केंद्र सरकारनं २००० मध्येच त्याच्यावर बंदी घातली. तरी शेततळ्यांत तो वाढतच राहिला. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं कान उपटल्यावर २०२० मध्ये आपल्या राज्यात मांगूरची तळी शोधून मासे नष्ट करण्याची मोहीम निघाली. बंदी आणि मोहीम यांच्यात गेलेली ही वीस वर्षं मांगूरनं काय फक्त तळ्यातच बसून काढली असतील?

शिकारी मासा तळ्यात सोडला की काय होतं, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया तलावाचं. १९५० च्या दशकात तिथं नाइल पर्च सोडला. ऐंशीचं दशक संपेपर्यंत त्या तलावातच घडलेल्या, जगात दुसरीकडं कुठंही नसलेल्या छोट्या माशांच्या शेकडो जातींपैकी बहुतेक दिसेनाशा झाल्या. पर्चचा एक्स्पोर्ट मात्र जोरात! ‘डार्विन्स नाइटमेअर’ ही २००४ ची डॉक्युमेंटरी याच धंद्यावर आहे. कुठं मिळाली तर बघा, जेवताना नको.

आता परत आपल्या गावात येऊ. कोल्हापूर हे मुळात तळ्यांचं शहर. कपिलतीर्थाचं मार्केट झालं, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. उरलेत रंकाळा, कळंबा, राजाराम, कोटीतीर्थ असे मोजकेच. रंकाळ्यात नाल्यांचं पाणी किती वर्षं येतंय आणि पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच किती वेळा लागला, ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे. पाण्यातला ऑक्सिजन संपला की आधी कोण मरतं? स्वच्छ, वाहत्या पाण्याची सवय असलेले आपले मासे. मागं कोण राहतं? हवा गिळणारे. म्हणजे सांडपाणी सोडून आपण या पाहुण्यांसाठी घर रिकामं करून देतो.

त्यात आपला बंधारा. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव राज्यभर अभिमानानं घेतलं जातं, आणि घ्यावंच. पावसाळा संपला की बर्गे घालायचे, पाणी अडवायचं, पुन्हा पावसाच्या तोंडावर बर्गे काढायचे. ऊस त्यावर उभा आहे. पण माशाच्या नजरेतून बघा. वाहती नदी वर्षातले कितीतरी महिने लहान-लहान तळ्यांची माळ होऊन जाते. साचलेलं पाणी चिलापीला एकदम मस्त, धारेत राहणाऱ्याला तुरुंग.

आणि मग येतो पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्या दिवसांत नदी, ओढे, शेततळी, विहिरी, घरामागचं हौसेचं टाकं, सगळं एकच पाणी होतं. केरळात २०१८ च्या महापुरानंतर लोकांच्या जाळ्यात अॅमेझॉनचा अरापायमा आणि अमेरिकेचा अॅलिगेटर गार आला, चक्क! कुणाच्या तरी तळ्यातून पुरानं उचलून नदीत नेऊन ठेवलेले. त्यामुळं ‘माझा मासा माझ्या तळ्यात आहे, नदीत थोडाच जाणार’ हे आर्ग्युमेंट निदान कोल्हापुरात तरी कुणी करू नये. शिवाय पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते, भीमाही पुढं कर्नाटकात कृष्णेलाच मिळते. उजनी काही परक्या खोऱ्यात नाही.

बरं, एवढं जपायचं तरी काय? आपले मासे म्हणजे कोण? वाम, मरळ ही नावं कोल्हापुरात चुलीजवळ ऐकलेली असतात. पण त्यापलीकडं एक भन्नाट यादी आहे आणि ती लिहिली एका इंग्रज कर्नलनं. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खन पालथं घालताना त्यानं पक्षी नोंदले तसे मासेही नोंदले. १८३९ च्या सुमारास ते छापून आलं. गंमत अशी की नवी लॅटिन नावं शोधायच्या भानगडीत न पडता त्यानं आपल्या कोळ्या-भोयांकडून ऐकलेली नावंच बऱ्याच माशांना देऊन टाकली. म्हणून आज जगातल्या कुठल्याही म्युझियममध्ये जा, दख्खनच्या महसीरला शास्त्रीय भाषेत ‘टॉर खुद्री’ म्हणतात, आपला खडशी तो हाच. ‘कोलस’, ‘पोटेल’, ‘बोग्गट’, ‘मुसुल्ला’... ही सगळी शास्त्रीय नावं आहेत आणि सगळी आपल्या नदीकाठच्या तोंडची!

या यादीतला माझा फेवरिट ‘नुक्ता’. नाकाड पुढं शिंगासारखं आलेलं, त्याखाली खोल खाच, जणू कुणी बुक्की मारलीय. ‘नकटा’शी या नावाचं नातं असावं असं मला वाटतं, भाषातज्ज्ञांनी रागावू नये. हा मासा कृष्णेच्या खोऱ्याबाहेर जगात कुठंही नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो धोक्यातल्या जातींमध्ये आहे. आपल्यातल्या किती जणांनी तो पाहिलाय? बाजारात दिसतात ते कटला, रोहू आणि लालसर पोटाचा रूपचंद. रूपचंद म्हणजे दक्षिण अमेरिकेचा पाकू, पिरान्हाचा चुलतभाऊ. आणि कटला-रोहूही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, मत्स्यबीज आणून आपल्या धरणांत वाढवलेले. देशी म्हणून आपण जे कौतुकानं खातो, तेही इथले नव्हेतच.

हिशेब उलटाही होतो बरं. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होऊ लागली. चांगलंच काम. पण तिथला खडशी कर्नाटकात कावेरीतही सोडला गेला. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला, पार अजस्र. आपला खडशी तिथं फोफावला आणि तो मूळचा गडी आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. २०१८ मध्ये कुठं त्याची शास्त्रीय ओळख नीट पटली. आपल्या नदीतला हिरो शंभर कोसांवर व्हिलन झाला, तोही संवर्धनाच्या नावाखाली. त्यामुळं ‘मासे सोडण्याचा कार्यक्रम’ अशी बातमी आणि मागं फ्लेक्स दिसला की माझा पहिला प्रश्न असतो : कुठले मासे? डासांसाठी हौदात, टाक्यात गप्पी सोडणं मी समजू शकते, तिथं काही देशी मासे राहत नाहीत. पण तेच ओढ्यात, झऱ्यात, जुन्या कुंडात ओतायचं काय कारण?

कुंडाचं म्हणाल तर आंबोलीला जा. हिरण्यकेशीचा उगम, महादेवाचं देऊळ, पुढं थंडगार पाण्याचं कुंड. वर्षा सहलीला आपण तिथं पाय बुडवून सेल्फी काढलेले असतात. त्याच पाण्यात माशाची एक जात होती, जी विज्ञानाला २०२० पर्यंत माहीतच नव्हती. प्रवीणराज जयसिम्हन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमणियन यांनी तिचं वर्णन केलं, नाव ठेवलं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. बोटापेक्षाही छोटा, दगडांच्या सांदीत राहणारा मासा. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्रफळ २.११ हेक्टर. तिथून निघालेली नदी खाली आपल्या आजरा-गडहिंग्लजमधून वाहते.

दोन हेक्टरांच्या त्या जागेत कुणी दयाळू माणसानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार-दोन चिलापी सोडल्या, तर मासे वेचून काढायला कुठली मोहीम पुरणार?

तर टँकचं काय करायचं? जिथून घेतला त्या दुकानदाराला विचारा, पैसे देणार नाही, पण बरेच जण मासा परत ठेवून घेतात. ऑफिसच्या ग्रुपवर टाका, रिसेप्शनला टँक असेल तर तिथं द्या. मोठ्या टँकवाल्या हौशी मंडळींना सकर चालतो. नवीन घेत असाल तर घेण्याआधी एकच विचारा, ‘हा केवढा होतो?’ उत्तर देताना दुकानदार हात बाजूला पसरायला लागला, तर गप्पी घ्या. आणि त्याही घरातच ठेवा.