अंग आंबलंय की स्नायू ताणलाय?

दोस्तांनो, जिम्नॅस्टिक्सच्या शिबिराचा पहिला दिवस झकास जातो. कोलांट्या काय, उड्या काय, हँडस्टँड काय! दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंथरुणातून उठतानाच ‘आई गं!’ जिना उतरताना तर मांड्या अशा ठणकतात की विचारू नका. घरचे म्हणतात, अंग आंबलंय. अगदी बरोबर!

सवय नसलेला व्यायाम केला की स्नायूंच्या तंतूंना अतिशय बारीक इजा होते आणि शरीर ती दुरुस्त करायला घेतं. उडी मारून मॅटवर उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. ही इजा अशाच वेळी जास्त होते. पूर्वी दोष लॅक्टिक आम्लाला देत. पण ते तर तासा-दोन तासांत निघून जातं. बिचाऱ्यावर उगीच आळ! हे दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, बहुतेक दोन्ही पायांत सारखं असतं आणि चार-पाच दिवसांत आपोआप जातं. तेव्हा लोळत पडू नका. चाला, हलका व्यायाम करा. अवघड उड्या तेवढ्या दोन दिवस राहू द्या.

स्नायू ताणला जाणं ही गोष्टच वेगळी. स्प्लिट करताना किंवा धावताना एकदम कळ येते, तीसुद्धा एका जागी, अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशी. मग सूज येते, कधी जागा काळीनिळी पडते. अशा वेळी खेळ तिथल्या तिथे बंद! बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा. क्रेप बँडेज बांधा, पण बोटं बधिर होतील इतकं आवळू नका. पाय उशीवर ठेवा. आजी मायेनं तेलाची वाटी घेऊन येईलच. तिला सांगा, पहिले दोन दिवस चोळायचं नाही आणि शेकायचंही नाही, त्यानं सूज वाढते.

आता थोडं आई-बाबांसाठी. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. जोराचा ताण बसला तर कधी कधी स्नायू शाबूत राहतो आणि हाडाचा कपचाच निघतो. म्हणून ‘टक्’ असा आवाज झाला, पाय टेकवेना, किंवा आठवडाभर मनगट दुखतच राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. मुलाच्या पाठीवर बसून स्प्लिट दाबणं मला मुळीच पसंत नाही. दुखणं मारायची गोळी देऊन स्पर्धेला पाठवणं तर त्याहून नाही.

पण खरी अडचण वेगळीच असते, हो ना? ‘दुखतंय म्हटलं तर सर संघातून काढतील!’ १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या केरी स्ट्रगचा घोटा पहिल्याच व्हॉल्टला दुखावला. तरी तिनं दुसरा व्हॉल्ट मारला आणि एका पायावर उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागाहून हिशेब केला, तर तो व्हॉल्ट नसता तरी सुवर्णपदक अमेरिकेचंच होतं! आणि वैयक्तिक अंतिम फेरी मात्र केरीला त्या घोट्यामुळे सोडावी लागली. तेव्हा अठरा वर्षांची होती ती.

ताणलेला स्नायू बरा झाल्यावर आधी न लंगडता चालून बघा, मग हळू धावा, मग ताण द्या. यातलं काहीच दुखलं नाही तरच उडी. पुढच्या अंकात मनगटं बळकट करायचे दोन सोपे व्यायाम पाहू.